आय-मीवला रुंद चाकं : प्रकल्पाच्या नोंदी

२ मार्च २०२४, बीव्हर्टन, ऑरेगन

पावसात सनसेट हायवेवरून पोर्टलंडकडे उतरताना, बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर गाडीचं नाक सरळच निघालं. स्टिअरिंग वळलेलं, गाडी मात्र आपल्याच तंद्रीत. क्षणभरच. पण घरी येऊन पुढचे टायर बघितले तर दोन्हींच्या कडा साफ.

गाडी मित्सुबिशी आय-मीव, विजेवर चालणारी, २०१२ची, अमेरिकन मॉडेल. १६ किलोवॅट-तासांची बॅटरी, मोटर मागे, ओढही मागच्या चाकांना. नवी असताना कागदावर ६२ मैल जायची. माझ्या हातात आली तोवर बॅटरी थकली होती, त्यामुळे उन्हाळ्यात ४८ आणि हिवाळ्यात हीटर लावला तर ज्याची त्याची श्रद्धा. ऑफिस नऊ मैलांवर, त्यामुळे अडत नाही.

अडतं ते टायरपाशी. पुढचं माप १४५/६५ आर १५ : रुंदी १४५ मिमी, बाजूची भिंत त्याच्या ६५ टक्के उंच, रिम १५ इंची. दुकानदाराने ते संगणकात टाकलं, मान तिरकी केली आणि विचारलं, ‘हे स्टेपनीचं माप आहे का?’ त्याचा दोष नाही. ही गाडी अमेरिकेत जेमतेम दोन हजारांच्या आसपास खपली, आणि एवढा अरुंद टायर इथे दुसऱ्या कुठल्या गाडीला लागतच नाही. मूळ डनलॉप एनासेव्ह मिळाले तर मिळाले, नाहीतर थांबा. चार दुकानं फिरलो. एकाने सहा आठवडे सांगितले, दुसऱ्याने सांगायचंही टाळलं.

म्हणजे हा हौसेचा प्रकल्प नाही, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं.’ त्या ‘बरं’चा अर्थ आमच्याकडे वेगळा असतो.

३ मार्च

आकडेमोड. ही नोंद लांबणार आहे, पण पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

या गाडीचं मूळ म्हणजे जपानमधली ‘आय’ नावाची केई गाडी, म्हणजे तिथल्या सर्वांत छोट्या गाड्यांच्या वर्गातली. तिथल्या नियमाप्रमाणे केई गाडीची रुंदी १.४८ मीटरच्या आत लागते. त्या गाडीचं इंजिनही मागेच होतं. आय-मीवने ती ठेवण आणि ते अरुंद टायर वारशाने घेतले. अमेरिकेसाठी अंग रुंद केलं, मागचा टायर थोडा उंच केला, पुढचा आहे तसाच ठेवला.

पुढे १४५/६५ आर १५ : १४५चे ६५ टक्के म्हणजे ९४.२५ मिमी भिंत. दोन भिंती आणि १५ इंचांचे ३८१ मिमी मिळून व्यास ५६९.५.
मागे १७५/६० आर १५ : भिंत १०५, व्यास ५९१.

पुढचं चाक लहान, मागचं मोठं. मागचा व्यास पुढच्याच्या १.०३७८ पट. हा आकडा मी वहीत दोनदा गोल केला आहे, कारण एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली तर सावरणारी) दोन्ही चारही चाकांचा वेग सतत एकमेकांशी ताडून बघतात. कारखान्यातून निघताना त्यांना जे गुणोत्तर शिकवलं, ते बिघडलं तर चाक घसरतंय असा त्यांचा समज होऊ शकतो. म्हणून चारही बाजूंना एकच टायर लावून मोकळं व्हायचा सोपा उपाय मी बाजूला ठेवला.

दुसरी गोष्ट वजनाची. गाडी मागे जड आहे. पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर दिल्यामुळे मर्यादा ओलांडली तर आधी नाक घसरतं, शेपूट नाही. परवा जे झालं ते त्याच धोरणाप्रमाणे झालं, फक्त झिजलेल्या टायरमुळे जरा लवकर झालं. नाक घसरलं तर माणूस घाबरून पाय काढतो आणि गाडी सावरते. शेपूट सुटली तर सावरायला वेळही मिळत नाही आणि अंगात कसबही नसतं. तेव्हा फक्त पुढचे रुंद करून मागचे तसेच ठेवणं म्हणजे कंपनीने घातलेली खीळ आपल्या हाताने काढणं. रुंद करायचे तर चारही.

मग मापं मांडत बसलो. रात्री साडेअकराला हे हाती लागलं :

पुढे १७५/५५ आर १५ : व्यास ५७३.५, मूळपेक्षा ०.७० टक्के जास्त.
मागे १९५/५५ आर १५ : व्यास ५९५.५, मूळपेक्षा ०.७६ टक्के जास्त.
गुणोत्तर १.०३८४.

१.०३७८ च्या जागी १.०३८४! वही मिटून गच्चीवर जावंसं वाटलं, पण इथे गच्ची नाही.

दोन्ही टायर बाजारात आहेत. १७५/५५ स्मार्ट फोरटूच्या मागच्या चाकांना आणि २०१७ नंतरच्या मित्सुबिशी मिराजच्या काही मॉडेलांना लागतो. १९५/५५ तर कुठेही मिळेल. भारांकही (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) वरचाच : पुढे ७२च्या जागी ७७ (३५५ किलोऐवजी ४१२), मागे ८१च्या जागी ८५ (४६२ऐवजी ५१५).

९ मार्च

टायर ठरले, पण मूळ रिम पुढे १५ x ४ जे, म्हणजे १५ इंच व्यास आणि ४ इंच रुंदी. चार इंची रिमवर १७५ चढवणं म्हणजे बारा नंबरच्या पायाला आठ नंबरचा बूट. रिम हवीत ६ इंची, चार नटांची, १०० मिमीच्या वर्तुळावरची. ४ x १०० म्हटलं की माझ्दाची मियाटा ही छोटी स्पोर्ट्स कार आठवते. तिच्या दुसऱ्या पिढीची चाकं १५ x ६, ऑफसेट (चाक गाडीला टेकतं ती बैठक रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर ते) ४०. एका मियाटावाल्याने स्वतःला आणखी रुंद घेतली होती आणि जुनी गॅरेजमध्ये पडून होती. चारांचे १८० डॉलर. वाकलेली नाहीत, एकाला फुटपाथचा ओरखडा.

आणण्याआधी जागा मोजली होती. मूळ पुढचं रिम ४ जे, ऑफसेट ३५. नवं ६ जे, ऑफसेट ४०. टायर धरून हिशेब केला तर चाक बाहेर साडेबारा मिमी सरकतं आणि आत साडेबावीस. आतल्या बाजूला शॉकअॅब्सॉर्बरच्या नळीपर्यंत मला ४१ मिमी मोकळे मिळाले. साधन म्हणजे मुलीच्या खेळातली माती : गोळा नळीला चिकटवला, चाक बसवून फिरवलं, चाक काढलं आणि चपटा झालेला गोळा व्हर्नियरने मोजला. बाकी उरतात १८. चालेल. बाहेर टायर मडगार्डच्या ओळीत येतो, डोकावत नाही. मागे डी डिऑन अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि स्प्रिंग आहे, तिथे जागा भरपूर.

संध्याकाळी हौसेने एक चाक लावून बघितलं. बसलं नाही.

नटांची भोकं बरोबर समोर येतात, पण चाक हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) टेकतच नाही, अर्ध्या इंचावर लटकतं. व्हर्नियर लावला. गाडीचा हब ५६.१, मियाटाच्या चाकाचं मधलं भोक ५४.१. दोन मिलिमीटर. ऑफसेट बघितला, रुंदी बघितली, भार बघितला, मातीचे गोळे केले, आणि मधलं भोक बघायचं विसरलो. भोक मोठं असतं तर आत रिंग घालून भागलं असतं. लहान भोकाला रिंग नाही.

१० मार्च

आज घड्याळं तासाने पुढे. रात्री साडेनऊला कोल्हापूरला मामांना फोन लावला, तिकडे सकाळचे दहा. मामांचं उद्यमनगरात लेथचं शेड आहे. मागे मशीनचा आवाज चालूच होता.

‘काय रं भाच्या, झोपला न्हाईस?’

सांगितलं सगळं.

‘हब किती म्हणालास?’

‘छप्पन पॉइंट एक.’

‘आणि बोअर चोपन्न. मग दोन मिलीमीटरसाठी एवढा रडतुयास व्हय? हिकडं असतास तर च्या यायच्या आत काढून दिलं असतं.’

म्हटलं, मामा, शेजारच्या गल्लीत एकाकडे लेथ आहे, छोटं.

‘स्विंग किती हाय?’

‘दहा इंच असेल.’

‘आणि चाक?’

मी गप्प. पंधरा इंची चाक म्हणजे कडेला कड धरून साडेसोळा तरी. दहा इंचांच्या लेथवर ते फिरणारच नाही, बेडवर आपटेल.

‘मग चाक फिरवायचं न्हाई, हत्यार फिरवायचं. मिलिंगवर टाक, बोरिंग हेड लाव. आणि ऐक. आधी बोअरला डायल लावून सेंटर धरायला सांग. बोअरला, बाहेरच्या कडेला न्हाई. कड रस्त्यानं मार खाल्लेली असती. आणि एकदम छप्पनला जाऊ नगंस, पाव पाव मिलीमीटरनं जा. कापलेला माल परत चिकटवता येत न्हाई.’

मग आईची चौकशी, पावसाची चौकशी, आणि ‘गाडी विजेची हाय न्हवं? मग चाकाला काय करतुयास?’ हा प्रश्न. याचं उत्तर मी नीट देऊ शकलो नाही.

१६ मार्च

चाकांचं काम रांगेत आहे तोवर मूळ टायरवरचा खर्च मोजून ठेवायला हवा, नाहीतर नंतर ‘मला वाटतं फारसा फरक नाही’ असं म्हणत बसेन.

रस्ता ठरवला : घरातून निघून टीव्ही हायवेने हिल्सबरो आणि परत. टीव्ही म्हणजे ट्वालटिन व्हॅली, दूरदर्शन नव्हे. २१ मैल, ताशी ३५ ते ४५ मैल, सिग्नल पुष्कळ. सकाळी सहा-सातला निघायचं, हीटर बंद, टायरमध्ये ३६ पीएसआय, बाहेर ४५ ते ५० अंश फॅरनहाइट असेल तरच मोजणी धरायची. बॅटरी पूर्ण भरून निघायचं, परत येऊन पूर्ण भरायची आणि भिंतीवरच्या मीटरचा आकडा लिहायचा. गाडीच्या ओडोमीटरवर विसंबायचं नाही, कारण टायरचा व्यास बदलला की तोच खोटं बोलणार. रस्ता मात्र तेवढाच राहतो.

तीन फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी : ५.७, ५.९, ५.८. सरासरी ५.८ किलोवॅट-तास.

बाथरूमच्या काट्यावर वजनं : मूळ पुढचं चाक टायरसकट ११.२ किलो, मागचं १३.८.

२३ मार्च

छोट्या लेथवाल्याने मला त्याच्या ओळखीच्या एका निवृत्त फिटर आजोबांकडे पाठवलं. गॅरेजमध्ये गाडी नाही, त्या जागी जुनी उभी मिलिंग मशीन. चार चाकांचे शंभर डॉलर म्हणाले. (गावातल्या एका मोठ्या वर्कशॉपने एका चाकाचे साठ सांगितले होते, शिवाय ‘ही जबाबदारी आमची नाही’ असा कागद.)

मी मामांचं वाक्य भाषांतर करून सांगायला तोंड उघडणार, तोच आजोबांनी स्पिंडलला, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याला, केसभर फरकही दाखवणारा डायल लावला. चाक दर्शनी बाजू खाली करून तीन अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यांवर ठेवलं, तीन क्लॅम्प अर्धवट आवळले. डायलचं टोक बोअरच्या आतल्या भिंतीला टेकवून स्पिंडल हाताने फिरवायला लागले. काटा एका बाजूला वीस घरं, दुसऱ्या बाजूला शून्य. टेबलाचं हँडल केसभर फिरवायचं, स्पिंडल पुन्हा फिरवायचा. दहा मिनिटं हेच चाललं होतं. काटा शेवटी एका घरात थरथरत राहिला, तेव्हा त्यांनी क्लॅम्प पूर्ण आवळले आणि पुन्हा एकदा फिरवून बघितलं, कारण आवळताना चाक हलतं.

पहिला काप. ओल्या नारळाच्या किसासारखा पांढरा कीस बोअरमधून वर आला. भोक आरपार मोठं करायचं नव्हतं. हबचा ओठ जेवढा आत जातो तेवढंच, मागच्या बाजूने १२ मिमी खोल. त्यापुढे ५४.१ तसंच राहिलं. शेवटचा काप घेण्याआधी आजोबांनी माझ्याकडून हबचं माप पुन्हा विचारून घेतलं. मी व्हर्नियरवरचं सांगितलं तर म्हणाले, व्हर्नियरचं नको, मायक्रोमीटरचं दे. परत घरी जाऊन त्यांच्याच मायक्रोमीटरने चारही हब मोजून आणले. ५६.०५ ते ५६.०७. भोकं ५६.१२ ला थांबवली.

चौथं चाक होईपर्यंत साडेचार तास गेले. शंभर डॉलर देताना मलाच लाज वाटली, एकशेचाळीस दिले. मामांना फोटो पाठवला. उत्तर : ‘फिनिश चांगली हाय. कडा मोडल्यात का?’ मोडल्या नव्हत्या. रात्री बारीक कानसने चारही भोकांच्या तोंडाची धार मोडली.

३० मार्च

टीपीएमएस. अमेरिकन गाडी असल्याने प्रत्येक चाकात हवेच्या दाबाचा सेन्सर आहे. नवे सेन्सर घातले तर त्यांचे क्रमांक गाडीच्या संगणकाला कंपनीच्या यंत्राने शिकवावे लागतात. जुनेच काढून नव्या रिममध्ये घालावेत, तर त्यांच्या आतल्या सेलचं वय बारा वर्षं. उद्या एक गेला की पुन्हा टायर उतरवा. मधला मार्ग सापडला : कोरे, प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर घ्यायचे आणि त्यांच्यावर जुन्यांचेच क्रमांक लिहायचे. गाडीला वाटतं जुनेच आहेत. जुने सेन्सर मूळ रिममध्ये राहतात आणि मी ते रिम घरापासून लांब, भाड्याच्या स्टोरेजमध्ये ठेवणार आहे, नाहीतर एकाच क्रमांकाचे दोघे बोलायला लागतील.

६ एप्रिल

टायर चढवायला गाडी घेऊन गेलो तर दुकानाने नाही म्हटलं. त्यांच्या यादीत या गाडीसमोर ही मापं नाहीत, त्यामुळे ते हात लावणार नाहीत. भारांक वरचा आहे, व्यास एका टक्क्याच्या आत आहे, सगळं वहीसकट दाखवलं. काउंटरवरच्या पोराने वही कौतुकाने बघितली आणि पुन्हा नाही म्हणाला. मग हळूच म्हणाला, सुटी चाकं घेऊन आलात तर आम्ही गाडी कुठली ते विचारत नाही.

दुपारी बायकोच्या गाडीतून सुटी चाकं नेली. कोणी काही विचारलं नाही. तासाभरात टायर चढले, बॅलन्स झाले. बोअरिंग नीट झालं का हे तिथेच कळलं : बॅलन्सिंग मशीनवर एकाही चाकाला ३५ ग्रॅमच्या वर शिसं लागलं नाही.

वजनं : पुढचं १४.३ किलो, मागचं १५.६. म्हणजे पुढे प्रत्येकी तीन किलोंवर वाढ. हे मला टोचतंय.

७ एप्रिल

चढवली. तारेच्या ब्रशने हबवरचा गंज काढला, चाकाच्या मागच्या बैठकीवरचा रंगाचा पोपडा खरवडला. बैठक सपाट टेकली नाही तर नट कितीही आवळा, दोन दिवसांत ढिले. नट एम १२ x १.५, शंकूच्या तोंडाचे. आधी हाताने सगळे आटे चढवले, मग समोरासमोर, मग गाडी खाली घेऊन टॉर्कच्या पान्याने १०० न्यूटन-मीटर.

चाक हबवर बसलं तेव्हाचा तो बारीक ‘टप्प’ आवाज. महिनाभराच्या खटपटीचा मोबदला तेवढाच होता आणि पुरेसा होता.

मियाटाच्या मधल्या टोप्या बसत नाहीत, हबची धूळटोपी आड येते. भोकं तशीच उघडी ठेवली.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी बाल्कनीत, खालून गाडी दिसत होती. बायकोने चारही चाकांना हळदकुंकू लावलं आणि पुढच्या दोघांखाली लिंबं ठेवली. मुलीने विचारलं, लिंबं का? मी सांगायच्या आत तिची आई म्हणाली, ‘बाबाने मोजायचं काही विसरलं असेल तर.’

१३ एप्रिल

विसरलं होतं. उजवीकडे पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना डावीकडून ‘खर्रर्र’. पार्किंगमध्ये दोन माणसं वळून बघतात एवढा आवाज.

मातीचे गोळे चाक सरळ असताना लावले होते. वळलेल्या चाकाचा हिशेब केलाच नव्हता. कुठे घासतं ते बघायला मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर मुलीचे रंगीत खडू फासले, एका जागी निळा, दुसऱ्या जागी लाल, आणि गाडी तशीच मागे घेतली. टायरवर निळा उमटला. म्हणजे अस्तराची मागची खालची बाजू. लोखंडाला कुठेही लागत नाही, नाहीतर हा प्रकल्प इथेच संपला असता.

गरम हवेच्या बंदुकीने ते प्लॅस्टिक मऊ केलं, लाकडी ठोकळ्याने आत दाबलं, ओल्या फडक्याने थंड केलं. आठ मिमी जागा झाली. एक क्लिप मागच्या भोकात हलवली. दुसऱ्या बाजूलाही तेच. पुन्हा खडू, पुन्हा रिव्हर्स, यावेळी स्वच्छ.

पन्नास मैल झाल्यावर नट पुन्हा तपासले. एक नट पाव फेरा फिरला, बाकी जागच्या जागी.

२० एप्रिल

तोच रस्ता, तीच वेळ, ३६ पीएसआय. तीन फेऱ्या : ६.३, ६.२, ६.४. सरासरी ६.३.

५.८ वरून ६.३. साडेआठ टक्के.

हे येणार हे माहीत होतं. कागदावर असं दिसतं : मी धरून गाडी साधारण १२५० किलो. जुन्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.००८ धरला तर लोळण्याला लागणारा जोर ९८ न्यूटन, नव्याचा ०.०१०५ धरला तर १२९. ३१ न्यूटनचा फरक २१ मैलांवर, म्हणजे ३३.८ किलोमीटरवर, ०.२९ किलोवॅट-तास. मोटर, इन्व्हर्टर आणि चार्जरमधली गळती मिळवा, भिंतीपाशी ०.३८ च्या आसपास होतो. उरलेला ०.१ कुठे गेला? थोडा जड चाकांना दर सिग्नलला पुन्हा फिरवण्यात, थोडा पुढून वारा अडवणाऱ्या जास्तीच्या रबरात. आणि एक गोष्ट माझ्या विरुद्धची : जुने टायर झिजलेले होते आणि झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका लोळतो. तेव्हा तुलना तशी चोख नाही. नवे १४५ मिळाले असते तरी ५.८ नसताच आला. पण ते मिळत नव्हते म्हणून तर हे सगळं.

४८ मैलांची गाडी ४४ ची झाली. पेट्रोलच्या गाडीत साडेआठ टक्के कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. इथे चार मैल म्हणजे मुलीच्या पोहण्याच्या वर्गाला जाऊन यायचं अंतर. मित्सुबिशीने अमेरिकेसाठी गाडीचं अंग रुंद केलं तरी पुढचे टायर १४५ च का ठेवले, हे मला या मीटरने समजावलं.

४ मे

दिवसभर पाऊस. मुद्दाम सनसेट हायवेने उतरलो, तेच वळण, तोच वेग. गाडी वळली. एवढंच लिहिता येतं, कारण नव्या खाचांचं श्रेय किती आणि रुंदीचं किती हे वेगळं काढता येत नाही.

जे निश्चित सांगता येतं ते असं. स्टिअरिंग थोडं जड झालं, आणि सरळ रस्त्यावर मधोमध जे पोकळ वाटायचं ते गेलं. बाजूच्या वाऱ्यात ही उंच, हलकी गाडी पूर्वी अर्धा पट्टा सरकायची, आता हात धरून ठेवतो तिथे राहते. खड्ड्यात मात्र पुढून धप्प येतं. १७५/५५ ची भिंत जुन्यापेक्षा उंचीला दोन मिमी जास्तच आहे, तेव्हा दोष भिंतीचा नाही, त्या तीन किलोंचा आहे. साचलेल्या पाण्यात रुंद टायर तरंगायला जास्त तयार असतो, म्हणून डाव्या पट्ट्यातल्या डबक्यांत वेग उतरवतो. पूर्वी त्या अरुंद टायरनी पाणी सुरीसारखं कापलेलं आठवतं.

स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा महिनाभरात एकदाही पेटला नाही. १.०३८४!

२५ मे

दाब वाढवून बघितला. ४० पीएसआय, टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमालीच्या आत. तीन फेऱ्या : ६.१, ६.१, ६.०. सकाळी सहाला निघून ४८ ते ५२ अंश, म्हणजे थोडी उष्णतेची मदतही धरावी लागेल. तरी साडेआठावरून पाच टक्क्यांवर आलो. बसणं आणखी कडक झालं. बायको म्हणाली, मागच्या सीटवर चहा नेता येणार नाही आता. ३८ वर तह केला.

८ जून

मूळ पुढचे रिम विकायला काढले होते, कारण खड्ड्यात रिम वाकवलेला दुसरा आय-मीववाला कुठेतरी असणारच. निघाला. सेलमहून आला, ४५ मैल, तेही आय-मीवनेच, चंदेरी. बॅटरी दाखवणाऱ्या सोळापैकी दोन कांड्या उरलेल्या आणि त्याही लुकलुकत होत्या. ‘कासव पेटलं नाही’, तो अभिमानाने म्हणाला. बॅटरी अगदीच तळाला गेली की डॅशबोर्डवर कासव पेटतं आणि गाडी चालवणाऱ्याचंही तेच होतं.

त्याची गाडी माझ्या चार्जरला लावली. तीन तास तरी लागणार होते, म्हणून चहा झाला, मग कांदेपोहे. मधल्या वेळात त्याने माझी चाकं गुडघ्यावर बसून बघितली, बोअरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि रेंज किती गेली ते विचारलं. वही दाखवली. ६.३ वाचून त्याने मान हलवली, रिम उचलले, आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर नीट आडवे ठेवले आणि विचारलं, की १४५ चे नवे टायर कुठे मिळतील, माहीत आहे का.

म्हटलं, एका दुकानाने मार्चमध्ये सहा आठवडे सांगितले होते. कदाचित एव्हाना आले असतील.